'मला वाटलं, तू बघशील': गटाने विद्यार्थी-फिल्म करताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय सांभाळायचं

शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आमचं सगळं जुळून आलं होतं. कराडच्या बाजूच्या एका गावातली जुनी पिठाची गिरणी, छपरातल्या काचेच्या कौलातून तिरपा उतरलेला उन्हाचा पट्टा, त्यात तरंगणारं पीठ आणि त्या पट्ट्यात बरोबर जागेवर उभा असलेला आमचा नट. कॅमेरा लागला, फोकस झाला. दिग्दर्शिकेने 'रोल साउंड' म्हटलं, पण मागून 'रोलिंग' आलंच नाही. रेकॉर्डरचे सेल संपले होते आणि नवे सेल मुक्कामाच्या खोलीत टेबलावर राहिले होते. ध्वनी सांभाळणारी मैत्रीण कॅमेरावाल्याला म्हणाली, "मला वाटलं, सेलचं तू बघशील." तो निर्मिती सांभाळणाऱ्या मित्राकडे बघत होता. दुचाकीवरून सेल येईपर्यंत पाऊण तास गेला. तोवर उन्हाचा पट्टा सरकून नाहीसा झाला होता.

पत्रकारिता आणि जनसंवादाच्या शेवटच्या वर्षाला आम्ही सात जणांनी ही ११ मिनिटांची फिल्म केली. त्यानंतर मागच्या वर्गातल्या मुलांच्या काही फिल्मना हातभार लावला. प्रत्येक सेटवर हे वाक्य मी कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकलं आहे. कॅमेरा साधा होता म्हणून बुडालेली विद्यार्थी-फिल्म मी पाहिलेली नाही. एखादं काम 'सगळ्यांचं' होतं म्हणून बुडालेल्या बऱ्याच पाहिल्या. म्हणून या लेखात प्रत्येक टप्प्यावर काय करायचं हे सांगताना ते कोणी करायचं हेही सांगत जातो.

पहिला टप्पा: गोष्ट निवडणं

गट जमला की पहिल्या बैठकीत सहा-सात गोष्टी पुढे येतात आणि मग मतदान होतं. मतदान टाळा. मतदानात जिंकते ती कोणालाच न खुपणारी गोष्ट, आणि महिनाभराने तिच्यासाठी पहाटे पाचला उठायला कोणी तयार नसतं. त्याऐवजी प्रत्येकाने आपली गोष्ट अर्ध्या पानात लिहून आणावी, सगळ्या मोठ्याने वाचाव्यात आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: तुझी स्वतःची सोडून यातली कुठली करायला आवडेल? उत्तरं बहुतेक वेळा एक-दोन गोष्टींवरच येऊन थांबतात.

त्यानंतर हाताशी काय आहे ते बघा. आमच्यातल्या एकाच्या मामांची गिरणी होती, दुपारी दोन ते चार ती बंद असायची आणि मामा शूटिंगसाठी सकाळचे काही तासही द्यायला तयार होते. त्यामुळे गोष्टच गिरणीची झाली. म्हातारा गिरणीवाला आणि पुण्याहून आलेली त्याची मुलगी. ती दिवसभर बसून दळणाचे डबे मोजते, कारण तिला गिरणी बंद करायला सांगायचं आहे. तीन पात्रं आणि दोन जागा. पहिल्या फिल्मसाठी याहून मोठा पसारा घेऊ नका. रेल्वे स्टेशन, पाऊस, लग्नाची वरात आणि लहान मूल यातलं काहीही पटकथेत आलं की त्यासाठी एक पूर्ण दिवस जास्तीचा धरा.

दुसरा टप्पा: कामांची वाटणी

सुरुवातीला आम्ही ठरवलं होतं की आपण सगळेच दिग्दर्शक. भावना चांगली होती. तालमीच्या पहिल्याच दिवशी तीन जणांनी एका नटाला तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. नट बिचारा गोंधळला आणि शेवटी कोणाचंच न ऐकता आपल्या मनाने करायला लागला. त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसून आम्ही वाटणी केली.

सात जणांत ती अशी बसते. एक दिग्दर्शन. एक मुख्य सहायक, म्हणजे एडी. घड्याळ याच्या हातात आणि सेटवर आवाज चढवण्याचा अधिकार फक्त यालाच. एक कॅमेरा. एक कॅमेरा सहायक: फोकस, बॅटऱ्या, कार्ड आणि क्लॅप (शॉटच्या सुरुवातीला वाजवायची पाटी). एक ध्वनी. एक कला, वेशभूषा आणि कंटिन्युटी, म्हणजे एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटमध्ये तसंच आहे ना हे बघणं. एक निर्मिती: पैसे, परवानग्या, प्रवास, जेवण. पाचच जण असाल तर कामं एकत्र करा, पण ध्वनी आणि निर्मिती यांना दुसरं काम जोडू नका. दिग्दर्शकाने स्वतः अभिनय करू नये. कॅमेराही शक्यतो स्वतः धरू नये, कारण फ्रेमच्या कडा बघणारा डोळा नटाचा चेहरा बघत नाही.

एडिटिंगसाठी आम्ही कंटिन्युटी सांभाळणारी मैत्रीण निवडली, आणि माझ्या मते तो आमचा सगळ्यात चांगला निर्णय होता. कुठला टेक, म्हणजे शॉट घेण्याचा कुठला प्रयत्न, का चांगला हे तिच्या वहीत लिहिलेलं होतं. शिवाय एखादा शॉट मिळवायला आम्ही किती घाम गाळला याचं ओझं तिच्यावर दिग्दर्शिकेपेक्षा कमी होतं.

नट काही विचारायला आला तर सगळ्यांनी उत्तर एकच द्यायचं: "दिग्दर्शिकेला विचार." सूचना द्यायची असेल तर तिच्या कानात द्यायची, तीही टेक संपल्यावर. हा नियम पाळणं कठीण असतं, पण तो मोडला की सेट हातातून जातो.

आणि वस्तूंची यादी करा. डावीकडे वस्तू, उजवीकडे एकच नाव. सेल, एक्स्टेंशन बोर्ड, थर्मोकोल, काळी टेप, पाण्याचे जार, नटाच्या चपला, सुई-दोरा, छत्री. एका वस्तूपुढे दोन नावं लिहिली की ती वस्तू घरीच राहते.

तिसरा टप्पा: पटकथा कानाने मोजणं

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब ठरावीक साच्यात टाइप केलेल्या इंग्रजी पटकथेचा आहे. देवनागरीत फॉन्ट आणि मांडणी बदलली की तो हलतो. म्हणून सगळी पटकथा स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा. संवाद बोला, आणि 'ती डबा उचलते, झाकण उघडते, वास घेते' असं लिहिलं असेल तर ते खरोखर हातवारे करून करा. आमची आठ पानं तेरा मिनिटांवर गेली.

बोली तपासून घ्या. आमचे संवाद पुण्या-नाशकाच्या मुलांनी लिहिले होते. मामांनी पहिलं वाचन ऐकलं आणि म्हणाले, "हितं असं कोण बोलतंय?" मग त्यांच्यासमोर बसून आम्ही प्रत्येक वाक्य त्यांना बोलायला लावलं. 'मला आता हे झेपत नाही' याचं 'आता न्हाई हुत माझ्यानं' झालं, आणि अर्धे संवाद गळूनच पडले, कारण त्या जागी ती माणसं बोलतच नाहीत, नुसती मान हलवतात. ज्या गावाची गोष्ट आहे तिथल्या माणसाला पटकथा ऐकवल्याशिवाय शूटिंगची तारीख ठरवू नका.

चौथा टप्पा: रेकी, म्हणजे जागेची पाहणी

जागा दोनदा बघा. दुसऱ्यांदा जाताना ज्या वेळी शूट करणार आहात त्याच वेळी जा. आम्ही पहिली रेकी दुपारी चारला केली. तेव्हा गिरणी नुसतीच अंधारी वाटली आणि आम्ही दोन जास्तीचे दिवे भाड्याने घ्यायचं ठरवलं. दुसऱ्यांदा सकाळी गेलो तेव्हा छपरातला तो उन्हाचा पट्टा दिसला. तो साडेदहाच्या सुमारास जमिनीवर येतो आणि जेमतेम चाळीस मिनिटं राहतो. आमच्या फिल्मचा सगळा मधला भाग त्या चाळीस मिनिटांवर उभा आहे.

रेकीला कॅमेरावाला, ध्वनीवाली आणि निर्मितीवाला तिघेही हवेत, कारण तिघं तीन वेगळ्या गोष्टी बघतात. ध्वनीवालीने जागेवर डोळे मिटून दहा मिनिटं बसावं. आम्ही तसं केलं तेव्हा देवळाचा भोंगा, शेजारच्या पिठल्या-भाकरीच्या वासाबरोबर येणारी कुकरची शिट्टी आणि रस्त्यावरून गाणी लावून जाणारे उसाचे ट्रॅक्टर हे सगळं एका बैठकीत कळलं. आमच्याकडे कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असताना रस्त्याकडेच्या घरात संवाद रेकॉर्ड करणं जवळजवळ अशक्य असतं. आठवडी बाजाराचा दिवसही विचारून घ्या.

वीज नीट बघा. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टच्या हिशोबाने तेराशे-चौदाशे वॅटच चालतात, म्हणजे हजार वॅटचा एकच हॅलोजन. दुसरा त्याच बोर्डाला लावला तर फ्यूज जाईल किंवा वायर तापेल. गिरणीची मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतं आणि दिवे मंदावतात, हे आम्हाला पहिल्या शॉटमध्येच कळलं. वायरिंगशी खेळू नका, गावातल्या वायरमनला बोलवा आणि त्याचे पैसे बजेटमध्ये धरा. भारनियमनाच्या वेळा त्यालाच विचारा.

परवानग्या आणि पैसे

खासगी जागेसाठी मालकाचं साध्या मराठीत लिहिलेलं, सही केलेलं पत्र घ्या: कुठल्या तारखा, किती वेळ, नुकसान झालं तर भरपाई कोण देणार. गावात शूट असेल तर ग्रामपंचायतीला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कॉलेजच्या लेटरहेडवर कळवा आणि पोच घ्या. एसटी स्टँड, रेल्वेची हद्द किंवा संरक्षित वास्तू असेल तर त्या-त्या खात्याची परवानगी लागते आणि तिला आठवडे जातात. प्रत्येक नटाकडून संमतीपत्र घ्या, अठराच्या आतला असेल तर पालकांची सही. हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. फेस्टिव्हलला फिल्म पाठवताना हेच कागद मागतात आणि तेव्हा माणसं सापडत नाहीत.

सामान भाड्याने घेताना दुकानातच प्रत्येक लेन्सचा, ट्रायपॉडच्या पायांचा आणि केसच्या कोपऱ्यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. एका दुकानदाराने आमच्या डिपॉझिटमधून फिल्टरवरच्या ओरखड्याचे पैसे कापले. तो ओरखडा आधीपासून होता, पण आमच्याकडे पुरावा नव्हता.

खर्च वहीत रोजच्या रोज लिहा, आणि जेवणात काटकसर करू नका. तीन दिवसांच्या आमच्या खर्चातला जवळपास तिसरा हिस्सा जेवण आणि प्रवासावर गेला, आणि तो मला आजही योग्य वाटतो. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला तेव्हा सरस्वतीबाई फाळके सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत होत्या, आणि कच्च्या फिल्मला भोकं पाडण्याचं किचकट कामही त्यांनी केलं. आपल्याकडचा सिनेमा पहिल्या दिवसापासून असाच घरच्या माणसांच्या कष्टावर झाला आहे. आमच्या सेटवर मामींनी तिन्ही दिवस पोहे आणि भाकरी केल्या. आम्ही किराणा आणून दिला, भांडी घासली आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव दिग्दर्शिकेच्या नावाएवढ्याच अक्षरात दिलं.

वेळापत्रक

हे एडीचं काम. सीन गोष्टीच्या क्रमाने घेऊ नका, जागा आणि उजेडाप्रमाणे लावा. दिवसाला पंधरा ते वीस शॉट ही विद्यार्थी गटाची कुवत असते. दिव्यांची दिशा बदलायची असेल तर अर्धा तास लिहूनच ठेवा. आम्ही पहिल्या दिवशी बत्तीस शॉट लावले होते, झाले सतरा.

पहिल्या दिवशी सकाळी सोपा सीन ठेवा, जिथे बोलणं कमी आहे. गटाला एकमेकांची सवय व्हायला अर्धा दिवस लागतो. सगळ्यात कठीण भावनिक सीन दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी ठेवा. तो तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ठेवला तर नट दमलेला असतो आणि सगळ्यांचं लक्ष पॅक अपकडे असतं. कॉल शीट, म्हणजे उद्या कोणी कधी कुठे यायचं आणि काय घ्यायचं याचा कागद, आदल्या रात्री नऊपर्यंत प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर गेलीच पाहिजे, आणि मिळाली असं प्रत्येकाने लिहून कळवायचं.

नट

आमच्याकडे कॉलेजातले चांगले नट एकांकिका स्पर्धांतून येतात. पुरुषोत्तम करंडक, फिरोदिया करंडक अशा स्पर्धांत तयार झालेला मुलगा शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवतो, आणि कॅमेऱ्यासमोर नेमकं तेच नडतं. त्याला 'कमी कर' म्हटलं की तो आवाज कमी करतो, पण भुवया तशाच नाचतात. 'समोरच्या माणसाला कळेल एवढंच, बाकी कोणालाच कळू देऊ नकोस' असं सांगितलं की फरक पडतो. मोबाइलवर क्लोजअप घेऊन त्याला लगेच दाखवा. आमच्या नटाने स्वतःचा चेहरा एवढा मोठा पहिल्यांदाच पाहिला आणि दहा मिनिटांत समजून घेतलं.

तालीम खऱ्या जागी, खऱ्या वस्तूंसह करा. मामांनी आमच्या नटाला दोन सकाळी गिरणीवर उभं केलं. बोटांच्या चिमटीत पीठ घासून जाड-बारीक कसं ओळखायचं ते शिकवलं. ती एक हालचाल फिल्ममध्ये चारदा आली आहे आणि संवादांनी जे सांगता आलं नसतं ते तिने सांगितलं.

सेटवर: कॅमेरा

इथे फार लिहीत नाही, कारण सगळे याबद्दल आधीच खूप वाचून आलेले असतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, नाहीतर ट्यूब आणि एलईडीखाली पट्टे किंवा थरथर दिसते. मोबाइलवर शूट करत असाल तर फ्रेमचा वेग पक्का ठेवता येईल असं ॲप वापरा. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा वेग वरखाली करतो आणि वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू सरकायला लागतो.

दोन माणसं बोलत असतील तर त्यांच्यामध्ये एक रेषा कल्पा आणि कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवा. ओलांडला तर एडिटमध्ये दोघंही एकाच दिशेला बघत बोलताहेत असं दिसतं. आधी सगळा सीन एका मोठ्या शॉटमध्ये घ्या, मग जवळचे. आणि ऐकणाऱ्याचा क्लोजअप विसरू नका. आमच्या एडिटमध्ये सगळ्यात जास्त कामाला आले ते ऐकणाऱ्या मुलीचे शॉट.

कंटिन्युटीसाठी प्रत्येक टेकनंतर फोटो. गिरणीत आमचा घात पिठाने केला. नटाच्या भुवयांवरचं पीठ एका शॉटमध्ये दाट, पुढच्या शॉटमध्ये पुसट. दुसऱ्या दिवसापासून मैत्रिणीने पिठाची चाळणी स्वतःकडे घेतली, आणि फोटो बघून ती स्वतःच पीठ लावायची, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हती.

सेटवर: आवाज

इथे वेळ घाला. प्रेक्षक थोडं धुरकट चित्र खपवून घेतो, पण न कळणारा संवाद खपवून घेत नाही.

माइक तोंडापासून हातभर अंतरावर, फ्रेमच्या जेमतेम वर. कॅमेऱ्यावर बसवलेला माइक फक्त सिंक, म्हणजे चित्र आणि आवाज, जुळवण्यासाठी. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि बोलण्याचा सगळ्यात चढा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. क्लॅप दिसेल आणि ऐकू येईल असा मारा, सीन-शॉट-टेक मोठ्याने बोला. क्लॅप नसेल तर टाळी चालते.

लेपल माइक (कपड्यांवर लावायचा छोटा माइक) लावणार असाल तर कपडे आधी तपासा. आमच्या एका स्त्रीपात्राला सिल्कची साडी दिली होती. प्रत्येक हालचालीला सळसळ, आणि वर मंगळसूत्राचे मणी माइकवर टक्-टक् आपटत होते. शेवटी साडी बदलून धुवट सुती घेतली, मंगळसूत्र आतून छोट्या टेपने चिकटवलं आणि काचेच्या बांगड्या दोनच ठेवल्या. हे वेशभूषेच्या तालमीतच कळायला हवं होतं.

पंखा बंद, मोबाइल फ्लाइट मोडवर, फ्रिज बंद. फ्रिज बंद केला की त्यात गाडीची किल्ली ठेवा. निघताना किल्ली काढायला फ्रिज उघडाल तेव्हा तो चालू करायची आठवण येते आणि ज्यांनी घर वापरायला दिलं त्यांचं दूध नासत नाही.

आता गिरणीचा प्रश्न. चालत्या गिरणीत संवाद रेकॉर्ड होत नाही, आणि बंद गिरणीत माणसं हळू बोलतात. मग वरून गिरणीचा आवाज जोडला की ते कुजबुजल्यासारखे वाटतात. आम्ही असं केलं: प्रत्येक टेकच्या आधी अर्धा मिनिट गिरणी चालू. नट त्या आवाजावर मात करून दोन वाक्यं बोलायचे. घसा त्या पट्टीवर आला की मामा मोटर बंद करायचे, मोटरचा पट्टा थांबेपर्यंत सगळे गप्प, मग 'ॲक्शन'. नट त्याच चढ्या आवाजात बोलायचे, जरी आजूबाजूला पूर्ण शांतता असली तरी. पहिल्यांदा सगळ्यांना विचित्र वाटतं, पण एडिटमध्ये मागे गिरणी टाकली आणि अंगावर काटा आला. फक्त फ्रेममध्ये फिरणारा पट्टा येऊ द्यायचा नाही, कारण तो थांबलेला असतो. पट्ट्याचे, दगडांचे आणि पडणाऱ्या पिठाचे शॉट चालू गिरणीत वेगळे घ्यायचे आणि मध्ये पेरायचे. रस्त्याकडेचं हॉटेल, लग्नाचा मांडव, कारखाना, कुठल्याही गोंगाटाच्या जागी हीच पद्धत वापरता येते.

प्रत्येक जागा सोडण्याआधी सगळ्यांनी स्तब्ध उभं राहून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. खोलीखोलीची शांतता वेगळी असते, आणि दोन संवादांमधली भेग बुजवायला तीच लागते. एडीने हे कॉल शीटमध्ये शॉट म्हणून लिहावं. लिहिलं नाही तर होत नाही.

रात्री, पॅक अपनंतर

कार्ड कॉपी करणं कॅमेरा सहायकाचं, आणि ते होईपर्यंत त्याला दुसरं काम सांगू नका. कॉपी करायचं, कट-पेस्ट नाही. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि त्या रात्री त्या दोन वेगळ्या बॅगांत, दोन माणसांकडे. प्रत्येक क्लिप उघडून सुरुवात आणि शेवट बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट नाही. १०० मेगाबिटने शूट केलं तर तासाला साधारण ४५ जीबी होतात, त्याप्रमाणे जागा ठेवा. फोल्डरची नावं रोमन अक्षरांत आणि आकड्यांत, तारीख-दिवस-कार्ड अशी, कारण देवनागरी नावं काही सॉफ्टवेअरला वाचता येत नाहीत.

मग पंधरा मिनिटांची बैठक, सगळे बसून. आज काय राहिलं, उद्या काय बदलतंय, कोणाला कशाचा त्रास झाला. तिसरा प्रश्न सोडू नका. पहिल्या रात्री आम्ही तो विचारला नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नटासमोर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. कारण होतं आदल्या दिवशी एकाला जेवायला न थांबता सामान भरायला लावलं होतं, एवढंच. रात्री बोललं असतं तर दोन मिनिटांत मिटलं असतं. सेटवर, बाहेरच्या माणसांसमोर वाद घालायचा नाही, हे त्यानंतर आम्ही कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या केल्या.

एडिट

एडिटिंगच्या खुर्चीत एकजण. बाकीचे मागे उभे राहून 'अजून दोन फ्रेम' म्हणत असतील तर त्यांना घरी पाठवा. त्यांनी कट बघावा आणि मिनिट-सेकंद टाकून कागदावर सूचना द्याव्यात. त्या सगळ्या दिग्दर्शिकेने वाचाव्यात आणि एकच यादी एडिटरला द्यावी.

पहिला कट संगीताशिवाय करा. संगीत टाकलं की लंगडा सीन चालतोय असं वाटतं. आमचा पहिला कट एकोणीस मिनिटांचा होता. तो आम्ही गटाबाहेरच्या पाच जणांना दाखवला. 'आवडला का' असं विचारलं नाही, कारण मित्र हो म्हणतातच. विचारलं, 'गोष्ट सांगा, आणि कुठे मोबाइल बघावासा वाटला ते सांगा.' पाचातल्या चौघांनी एकच जागा दाखवली: गिरणीच्या बाहेरून आत येणारा पन्नास सेकंदांचा लांबलचक शॉट. त्या शॉटसाठी आम्ही अर्धा दिवस घातला होता. तो काढायला आम्हाला आठवडा लागला. काढल्यावर मुलीचं डबे मोजणं एकदम लक्षात यायला लागलं.

चित्र पक्कं झालं की मगच ध्वनी, मगच रंग. पक्कं म्हणजे पक्कं. त्यानंतर एक फ्रेम हलवली तरी ध्वनीवालीचं काम पुन्हा सुरू होतं.

देवनागरी अक्षरांकडे लक्ष द्या. काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते. सेटिंगमध्ये भारतीय लिपींचा पर्याय असेल तर तो निवडा, नसेल तर शीर्षक आणि नावं दुसरीकडे तयार करून पीएनजी चित्र म्हणून आणा. नावं ज्याची त्याच्याकडून तपासून घ्या. तीन दिवस पदरमोड करून आलेल्या माणसाचं आडनाव चुकणं मला सगळ्यात मोठी चूक वाटते.

गाणी, हक्क आणि श्रेय

आमच्या कटमध्ये गिरणीतल्या रेडिओवर तुकोबांचा अभंग वाजत होता. शब्द सतराव्या शतकातले, त्यांवर कोणाचा हक्क नाही. पण आम्ही वापरलेलं रेकॉर्डिंग एका कंपनीचं होतं आणि त्यावर हक्क होता. आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर साठ वर्षं चालतो. अभंग काढावा लागला. त्या जागी एका मित्राच्या आजीकडून जात्यावरची ओवी गाऊन घेतली, तिच्या घरच्या ओसरीवर, बाहेर चिमण्यांच्या आवाजासकट. परंपरेतली ओवी, आमचं रेकॉर्डिंग, आजीची संमती. गिरणीच्या फिल्ममध्ये जात्याची ओवी आली आणि आम्ही लिहिलेल्या शेवटापेक्षा चांगला शेवट मिळाला.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फिल्मचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शक नाही, लेखक नाही. म्हणून निर्माता म्हणून कोणाचं नाव जाणार, बक्षिसाचे पैसे कसे वाटायचे, फिल्म ऑनलाइन कधी टाकायची, हे शूटिंगच्या आधी एका कागदावर लिहून सगळ्यांनी सही करा. श्रेयनामावलीही शूटिंगच्या आधीच लिहा. फिल्म चांगली झाल्यावर लिहायला बसलात तर मैत्री तुटते. मी हे दुसऱ्या गटात घडताना पाहिलं आहे, आणि ते दोघं अजून बोलत नाहीत.

फेस्टिव्हलला पाठवायची असेल तर यूट्यूबवर घाई करू नका, काही ठिकाणी आधी जाहीर दाखवलेली फिल्म घेत नाहीत. मुंबईचा मिफ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठी आहे. प्रत्येक फेस्टिव्हलची नियमावली स्वतः वाचा आणि तारखांची जबाबदारी एका नावावर टाका. इंग्रजी सबटायटल दोन ओळींपेक्षा जास्त नको, आणि ती मराठी न येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

दाखवणं

जिथे शूट केलं तिथे फिल्म दाखवायला जाच. आम्ही गिरणीच्या अंगणात पांढरी चादर बांधली, प्रोजेक्टर ठेवला आणि दुपारीच स्पीकर लावून एकदा पूर्ण चालवून बघितली. लॅपटॉपवर स्वच्छ वाटणारे दोन संवाद उघड्यावर ऐकूच येत नव्हते, ते जागेवर वाढवले. प्रोजेक्शनची चाचणी कोण करणार हेही यादीत नावानिशी लिहिलेलं होतं.

रात्री गाव जमलं. फिल्म संपल्यावर सगळे मामांना चिडवत होते, ते मात्र गप्प होते. नंतर ध्वनीवालीला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, सुरुवातीला जो गिरणीचा आवाज हाय, तो दगडाला टाकी लावल्यावरचा हाय. गिरणी तर जुनी, थकलेली दाखवलीयस." खरं होतं. शूटिंगच्या वेळचं गिरणीचं रेकॉर्डिंग फुटलं होतं, म्हणून तो आवाज आम्ही महिनाभराने जाऊन घेतला होता, आणि मधल्या काळात दगडांना टाकी लागली होती, म्हणजे गुळगुळीत झालेले दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत केले होते. आम्हा सातांपैकी कोणाला फरक कळला नव्हता. पुढच्या वेळी दगड गुळगुळीत झाले की मामांनी फोन केला. दोघीजणी सकाळच्या एसटीने गेल्या, बारा मिनिटं घासल्या दगडांचा आवाज घेऊन आल्या, आणि फेस्टिव्हलला गेलेल्या प्रतीत तोच आहे.